संमोहन उपचार, गळ्यातली माळ आणि घरातला विरोध : आपापल्या धर्मपरंपरेतील मते व प्रत्यक्ष अनुभव हवे आहेत

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी आहे. घर कास्तकाराचे आणि माळकरी आहे. बाबा आषाढीची वारी चुकवत नाहीत आणि घरातील मोठे निर्णय त्यांच्या संमतीशिवाय होत नाहीत. घरात एक मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्या वहिनीचा आवाज एकाएकी गेला. ती कुजबुजू शकते, खोकताना किंवा ठसका लागल्यावर आवाज नीट निघतो, पण बोलायला गेली की घशातून शब्द फुटत नाही. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने तपासले, तेव्हा स्वरतंतू अगदी निरोगी निघाले. त्यांनी आम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. वहिनी ढोंग करत नाही, हा दुखवट्याच्या ताणाचा आजार आहे आणि तो बरा होतो, असे तेथील डॉक्टरांनी समजावून सांगितले. वाचा-उपचार आणि समुपदेशन यांच्या जोडीला संमोहनाचा उपयोग करता येईल, असेही त्यांनी सुचवले.

संमोहनाचे नाव निघताच घरात वादळ उठले. बाबांचे म्हणणे असे की, ज्या कानांनी आजवर माउलीचे नाव ऐकले, त्या कानांत परक्या माणसाची आज्ञा ओतून घेणे हे शरण जाण्यासारखे आहे, आणि शरण जायचे ते एका विठ्ठलालाच. शेजारच्या मंडळींनी तर वहिनीला ‘बाहेरचे’ लागले आहे असे ठरवून भगताचा पत्ताही आणून दिला. गंमत अशी की भगताकडे जायला निम्मे गाव तयार आहे आणि डॉक्टरांच्या खुर्चीला मात्र सारे गाव घाबरते.

बाबांची खिल्ली उडवावी असे मला वाटत नाही. त्यांच्या आक्षेपात काहीतरी विचार करण्याजोगे आहे असे वाटते, म्हणूनच हा धागा काढला. आपापल्या धर्मात किंवा पंथात संमोहनाकडे कसे पाहिले जाते आणि कोणी स्वतः ते घेतले असल्यास काय अनुभव आला, हे कृपया सविस्तर लिहावे.

दारव्ह्याचे मास्तर

आपण प्रश्न फार नेमका मांडला आहे. निवृत्तीनंतर या विषयावर जे वाचले, त्यातले आपल्या वादाशी जुळणारे तेवढे सांगतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्झ मेस्मर या वैद्याने असा सिद्धान्त मांडला की, प्राणिमात्रांत एक चुंबकीय द्रव वाहतो आणि तो योग्य दिशेने वळवला की रोग बरे होतात. पॅरिसमध्ये त्याच्याकडे झुंबड उडाली, तेव्हा फ्रान्सच्या राजाने १७८४ साली चौकशी नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये त्या चौकशीत होते. असा कोणताही द्रव आढळत नाही, जो परिणाम दिसतो तो रुग्णाच्या कल्पनेचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी दिला. पुढे याच कल्पनाशक्तीला मध्यवर्ती स्थान देणारा जो माणूस उभा राहिला, तो आपल्या शेजारचा, गोव्यातील कांदोळीत १७५६ साली जन्मलेला कॅथलिक धर्मगुरू आबे फारिया होता. १८१३ साली त्याने पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. प्रयोगकर्त्याच्या अंगात कसलीही शक्ती नसते, जे घडते ते समोरच्याच्या मनाच्या तयारीने घडते, असे तो ठासून सांगत असे. पणजीत त्याचा पुतळा आहे.

आपल्या बाबांच्या शंकेचे अर्धे उत्तर मला येथे दिसते. मेस्मर खरा मानला तर करणाऱ्याची सत्ता रुग्णावर चालते आणि बाबांची भीती रास्त ठरते. फारिया खरा मानला तर सत्ता रुग्णाच्याच हाती राहते. पुढील संशोधनाचा कौल फारियाच्या बाजूने गेला, मात्र गावाच्या मनात अजून मेस्मरच बसलेला आहे. जत्रेतील जादूगार, सिनेमातील लंबक आणि लाल डोळ्यांचा मांत्रिक ही सगळी त्याचीच वंशावळ समजावी.

एक गोष्ट विषयाला थोडी आडवी जाणारी, पण आपल्या मुलखाला जवळची. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८४५ पासून रुग्णांना मेस्मरच्या पद्धतीने गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. त्यांत हत्तीरोगामुळे वाढलेल्या मोठमोठ्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियाही होत्या, आणि हा रोग भंडारा-गडचिरोलीकडील लोकांना वेगळा सांगावा लागत नाही. ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर ही पद्धत मागे पडली.

टाळमृदंग, अकोट

मी स्वतः कीर्तन करतो, त्यामुळे धागाकर्त्यांच्या वडिलांच्या बाजूने आधी बोलणे मला प्राप्त आहे.

माळकऱ्याचा आक्षेप अडाणीपणाचा नाही, त्यामागे आपल्या परंपरेचा जुना विचार आहे. तंत्रमार्गात षट्कर्मे सांगितली आहेत आणि त्यांत मारण, उच्चाटन, स्तंभन यांच्या पंक्तीला वशीकरण बसवलेले आहे. दुसऱ्याचे चित्त त्याच्या संमतीवाचून आपल्या ताब्यात घेणे हे पाप आहे, ही जाणीव आपल्याकडे खोल रुजली आहे आणि ती रुजलेली राहावी असेच मला वाटते. स्वामी विवेकानंदांनीही राजयोगाचे विवेचन करताना, प्रत्याहार, म्हणजे इंद्रिये विषयांपासून आवरणे, समजावून सांगतेवेळी, संमोहनाविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. साधक स्वतःच्या प्रयत्नाने मन आवरतो तेव्हा मन बळकट होते, आणि दुसऱ्याच्या सूचनेने ते आवरले गेले की दुर्बळ होते, असा त्यांचा मुद्दा आहे. तेव्हा वडिलांना ‘तुम्ही जुन्या वळणाचे’ असे म्हणून गप्प बसवू नये.

आता दुसरी बाजू. वारकरी संतांनी ज्यावर कोरडे ओढले, ते नवससायास, शेंदूर फासलेली दैवते आणि अंगात आणून पोट भरणारे लोक होते. वैद्याकडे जाऊ नका असे त्यांनी कुठे सांगितले, ते मला कोणी दाखवावे. आपल्या अमरावतीच्या मातीतल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर बोकड कापण्याविरुद्ध आणि नवसासाठी कर्ज काढण्याविरुद्ध कीर्तने केली, आणि त्यांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार हे सूत्र आहेच. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटून स्तब्ध बसतात. तेथे चित्त एकाग्र होते, पण त्यातून कोणी कोणाचा गुलाम होत नाही. कीर्तन रंगात आले की श्रोत्यांना भूक-तहान आठवत नाही, हे मी समोर उभा राहून पाहतो. चित्त एकाग्र होणे वेगळे आणि ते कोणाला विकणे वेगळे.

म्हणून वडिलांना एवढेच विचारावे की, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती आपण संपूर्ण देह सोपवतो, श्वाससुद्धा सोपवतो, तेव्हा विठ्ठलाला बाधा येत नाही, मग या वेळी ती कशी येईल? या प्रश्नावर माझ्या परिचयातील काही कट्टर माळकऱ्यांनाही थांबून विचार करावा लागला आहे.

खर्रा सोडलेला (तूर्तास)

अनुभव मागितला आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचे घोटलेले मिश्रण, हे व्यसन मानलेच जात नाही. तो घरी आलेल्याला पुढे करायचा पाहुणचार आहे. तोंड उघडेनासे झाले तेव्हा दंतवैद्यांनी धमकावले आणि एका मानसोपचार केंद्रात मी संमोहनाच्या बैठकी घेतल्या. आरामखुर्ची, मंद आवाज, उलटे अंक मोजणे, आणि मग खर्ऱ्याच्या वासाने मळमळते अशी सूचना. मी झोपलो नव्हतो. बाहेरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज मला ऐकू येत होता आणि नाकावरची माशी हाकलावी की नाही, याचाही मी विचार करत होतो.

काही आठवडे खर्ऱ्याकडे पाहावेसे वाटले नाही. त्यानंतर पोळ्याला मित्र जमले आणि सूचना कुठल्या कुठे गेली. शेवटी तंबाखूमुक्ती केंद्रातील समुपदेशन, निकोटिनच्या गोळ्या आणि सौभाग्यवतींची नजर या तिघांनी मिळून काम केले. संमोहनाला मी वाईट म्हणणार नाही, पण त्याने आयुष्य पालटते अशा जाहिराती करणाऱ्यांना दुरूनच नमस्कार करावा. धर्माचे म्हणाल तर माझ्या आईने एवढेच विचारले होते की, तो डॉक्टर अंगारा-धुपारा देतो का? नाही म्हटल्यावर तिने होकार दिला.

नूर, बाळापूर

अस्सलाम आलेकुम आणि सर्वांना नमस्कार.

आमच्याकडे या विषयावर एकमत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. सौदी अरेबियातील फतवा देणाऱ्या स्थायी समितीने संमोहन हे जिनांच्या मदतीने चालणाऱ्या जादूटोण्यात मोडते, अशा अर्थाचे कडक मत दिलेले आहे, आणि आमच्याकडील काही मौलाना त्याचा आधार घेतात. जादू, म्हणजे सिहर, हे इस्लाममध्ये मोठ्या गुन्ह्यांपैकी एक आहे, त्यामुळे ज्याला ते जादू वाटेल तो विरोध करणारच. इतर आलिमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, म्हणणे असे आहे की, त्यात गैबची, म्हणजे अज्ञाताची, बातमी सांगण्याचा दावा नसेल, कोणा अदृश्य शक्तीला साद घातली जात नसेल आणि जाणकार वैद्य उपचारासाठीच ते वापरत असेल, तर ते इतर औषधांसारखेच समजावे. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना मी स्वतः विचारले, तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारले की, त्या वेळात माणसाची अक्कल शाबूत राहते का, आणि नमाजची वेळ झाली तर तो उठू शकतो का? डॉक्टरांनी दोन्हींना होय म्हटल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

आता जे मनात सलते ते लिहितो. माझ्या फुफीला, म्हणजे आत्याला, फिट्स येत असत आणि घरच्यांनी तिला बरीच वर्षे एका दर्ग्यावरून दुसऱ्या दर्ग्यावर फिरवले. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याला होळीच्या सुमारास सर्व धर्मांचे लोक येतात, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या आईला तेथे गेल्यावर आजही शांत वाटते. तक्रार अशी आहे की, या काळात फुफीच्या मेंदूची तपासणी कोणी केली नाही. शेवटी ती झाली तेव्हा अपस्मार निघाला आणि गोळ्यांनी झटके आटोक्यात आले. नागपूरचे सूफी संत ताजुद्दीन बाबा यांनाही एके काळी वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते, आणि लोक तेथे दर्शनाला जात. वली, म्हणजे संत, कोण आणि रुग्ण कोण, हा पेच आपल्या विदर्भाला नवा नाही. मात्र पेच सुटेपर्यंत तपासणी थांबवून ठेवू नये.

रोखठोक

सगळेच संमोहनाची तरफदारी करत आहेत, म्हणून विरुद्ध मत नोंदवतो. पूर्वी मांत्रिक डोळ्यांत डोळे घालून सांगायचा, आता पदवीधर माणूस वातानुकूलित खोलीत बसून सांगतो. बैल तोच, झूल तेवढी नवी. परिणाम जर रुग्णाच्या विश्वासामुळेच होत असेल, तर भगताच्या लिंबानेही आवाज परत येईल, आणि येतोही, अशी उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. मग फरक कोणता? फीचा? शिवाय वहिनींना वाचा-उपचार आणि समुपदेशन मिळणार आहेच, तर ही तिसरी भानगड घरात हवीच कशाला?

मानसरोग विभाग, निवासी डॉक्टर

मी विदर्भातीलच एका वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. येथे कोणत्याही रुग्णाबद्दल निदान सांगणार नाही, सर्वसाधारण माहिती देते.

‘रोखठोक’ यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. भगताकडे गेल्यावर काही जणींचा आवाज खरोखर परत येतो, हे आम्ही नाकारत नाही. ज्या आजारात इंद्रिय निरोगी असते आणि त्याच्याशी मनाचा धागा तुटलेला असतो, तेथे अपेक्षा, विश्वास आणि सूचना यांचा प्रभाव पडतो. परंतु भगत आवाजाबरोबर एक कथाही देतो. तुला अमकीने करणी केली, तुझ्या घरात दोष आहे, आता दर अमावस्येला ये, अशी ती कथा असते. पुढच्या ताणाच्या वेळी आवाज पुन्हा जातो, आणि मधल्या काळात गावातील एखादी म्हातारी चेटकीण ठरलेली असते. आमच्याकडे आधी शारीरिक आजार वगळला जातो, दुःखाबद्दल बोलणे होते, नंतर सूचना दिली जाते आणि शेवटी रुग्णाला स्वतःच ते तंत्र शिकवून आमच्यापासून मोकळे केले जाते. ‘तिसरी भानगड’ हवीच का, याचे उत्तर मात्र बहुतेकदा ‘नाही’ असे आहे. आवाज गेलेल्या बऱ्याच रुग्णांना केवळ वाचा-उपचारांनी बरे वाटते. संमोहन हे जोडीचे साधन आहे आणि ते न वापरताही उपचार पुरे होऊ शकतात.

संमोहनात मेंदू झोपलेला नसतो. लक्ष एका ठिकाणी गोळा होते आणि आजूबाजूचे मागे सरते, एवढेच. सगळे लोक सारखे संमोहित होत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ साली यासाठी मोजपट्टी तयार झाली आणि तिच्या वापरातून असे दिसत आले की, थोडे लोक फार सहज संमोहित होतात, थोडे जवळजवळ होतच नाहीत आणि बाकीचे मध्ये कुठेतरी असतात. त्यामुळे ‘मी कोणालाही एका मिनिटात संमोहित करतो’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५८ मध्ये संमोहनाला उपचाराचे साधन म्हणून मान्यता दिली. त्याच अमेरिकन संघटनेने १९८५ मध्ये असाही इशारा दिला की, संमोहनात आठवलेल्या गोष्टी अधिक खऱ्या असतात असे मानू नये. माणूस चुकीची आठवणही मोठ्या खात्रीने सांगू लागतो. भ्रम किंवा भास असलेल्या रुग्णांवर संमोहन सहसा टाळले जाते.

संमोहन करणारी व्यक्ती कोण आहे, हे आधी विचारावे. मनोविकारशास्त्रात एम. डी. किंवा डी. पी. एम. (या विषयातील पदविका) झालेले डॉक्टर, अथवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असावेत. भिंतीवर टांगलेले केवळ ‘हिप्नोथेरपिस्ट’ असे प्रमाणपत्र पुरेसे समजू नये.

अचलपूरची परिचारिका

मी कॅथलिक कुटुंबातील आहे आणि माझी नोकरीची बरीच वर्षे मेळघाटात गेली, म्हणून दोन्ही बाजूंचे थोडे लिहिते.

आमच्या चर्चची भूमिका टप्प्याटप्प्याने बदलत गेली. एकोणिसाव्या शतकात रोमच्या धर्मपीठाने या ‘चुंबकविद्ये’ला सरसकट पाप म्हटले नाही, परंतु तिच्या साहाय्याने भविष्य सांगणे, मृतांशी बोलणे अशा प्रकारांचा १८५६ साली कडक निषेध केला. पुढे पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात, डॉक्टरांनी वैद्यकीय हेतूने केलेले संमोहन नैतिक मर्यादेत मान्य होऊ शकते, असे सांगितले. आमच्या फादरांनीही मला हेच समजावले होते. पण सगळे ख्रिस्ती असे मानत नाहीत. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट आणि यहोवाचे साक्षीदार या मंडळींचा विरोध जुना आहे, आपल्या मनाचे दार कोणासाठीही उघडे टाकू नये असे ते म्हणतात. आमच्या वॉर्डात अशा एका भगिनींनी वेदनाशमनासाठी सुचवलेले संमोहन नाकारले आणि डॉक्टरांनी एका शब्दानेही जबरदस्ती केली नाही. मला ते फार योग्य वाटले.

मेळघाटात कोरकू आदिवासी कुटुंबे आधी भुमका किंवा पडियार या आपल्या पारंपरिक पुजारी-वैदूंकडे जातात. आम्ही त्यांच्याशी भांडत बसलो असतो, तर बाळे दवाखान्यात पोहोचलीच नसती. एका पडियारबाबांशी आमचे असे ठरले होते की, त्यांनी त्यांची पूजा करावी आणि त्याच दिवशी रुग्णाला आमच्याकडे पाठवावे. भाजलेल्या मुलांच्या पट्ट्या बदलताना मी स्वतः कसलेही प्रशिक्षण नसताना एक गोष्ट करत असे. नदीची गोष्ट हळू आवाजात सांगायची, पाय पाण्यात आहेत, पाणी गार आहे, मासे बोटांना लागतात, असे म्हणत राहायचे. मूल रडायचे, पण कमी रडायचे. त्याला संमोहन म्हणावे की नाही, हे डॉक्टरताईंनी ठरवावे.

बोधिपथिक, उमरखेड

१९५६ साली आमच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात अंगारा, ताईत, अंगात येणे या सर्वांना रजा मिळाली. त्यामुळे संमोहनाबद्दल आमच्याकडे भीती नव्हती, उलट ‘हे विज्ञान आहे’ म्हणून थोडी जास्तच भक्ती होती. मला मात्र एक फरक अनुभवातून कळला तो नोंदवतो.

निद्रानाशासाठी मी आधी संमोहनाच्या बैठकी घेतल्या आणि नंतर नागपूरला विपश्यनेचे शिबिर केले. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेत आनापान शिकवताना कोणताही मंत्र, कोणतीही प्रतिमा किंवा सूचना श्वासाला जोडू देत नाहीत. श्वास जसा आहे तसा जाणत राहायचे असते. संमोहनात मला सांगितले जात होते की, तुमचे पाय जड होत आहेत, आणि ते जड होत होते. विपश्यनेत पाय दुखत होते आणि ते दुखत आहेत एवढेच पाहायचे होते. झोपेसाठी मला पहिले जास्त उपयोगी पडले, हे प्रामाणिकपणे सांगतो. मनाच्या शिस्तीसाठी दुसरे उपयोगी पडले. दोन्हींची खिचडी करून विकणारे काही वर्ग अलीकडे तालुक्याच्या ठिकाणी निघाले आहेत, त्यांच्यापासून मात्र जपून राहावे.

चळवळीतला कार्यकर्ता, वर्धा

कायद्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्टला हत्या झाली आणि त्यानंतर चारच दिवसांनी वटहुकूम निघाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्याला करणी करणारा ठरवणे, साप किंवा कुत्रा चावल्यावर उपचार रोखणे अशी बारा प्रकारची कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. संमोहन उपचाराचा त्यात उल्लेख नाही. वैदर्भीय चळवळीचा तर संमोहनाशी जवळचा संबंध आहे. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक श्याम मानव हे स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेत आले आहेत. भानामतीच्या प्रकरणांत गावात गेल्यावर, मन आणि शरीर यांचा हा खेळ लोकांना समजावून सांगणे हेच आमचे निम्मे काम असते.

आणखी एक. ‘बसस्थानकावर संमोहित करून दागिने लांबवले’ अशा बातम्यांमुळे गावात फार भीती पसरते. अनोळखी माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध, चालता-बोलता संमोहित करून बांगड्या उतरवून घेता येत नाहीत. तेथे बोलबच्चन, खोटे सोने, घाई आणि लोभ यांचे काम असते, क्वचित गुंगीच्या औषधाचेही. फसल्यावर घरी सांगायला लाज वाटते, म्हणून संमोहनाच्या माथी मारले जाते. पोलिसांनीही तक्रार लिहून घेताना हे जरा खोलात विचारले, तर बरे होईल.

जात्यावरची ओवी

मी दिग्रसजवळ राहते. माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहिते. यजमानांना असाध्य दुखणे झाले होते, तेव्हा एका नातेवाइकांच्या आग्रहाने मी शहरातील एका बाईंकडे ‘पूर्वजन्म संमोहना’साठी गेले. मागील जन्मी मी कोणाचा तरी विश्वासघात केला आणि त्याचे फळ यजमान भोगत आहेत, असे त्यांनी माझ्याच तोंडून वदवून घेतले. पैसे गेले त्याचे दुःख नाही. यजमान वारल्यानंतरही ते पाप माझ्या मानेवर बसून राहिले, आणि ते उतरवायला मला खऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले. आमच्या महानुभाव घरात कर्म आणि पुनर्जन्म दोन्ही मानतात, म्हणून तर मी अधिकच फसले. ज्याची ज्यावर श्रद्धा, त्याला त्याच बाजूने पकडले जाते.

आता धागाकर्त्या भाऊंना एक विचारते. इतके सगळे लिहून झाले. माळ, मशीद, चर्च, धम्म, कायदा, सगळ्यांची मते आली. वहिनींना काय वाटते, हे आपण कुठेच लिहिलेले नाही. त्यांचा आवाज गेला आहे, लेखणी तर गेली नाही ना?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

ताई, आपण विचारले ते खरे आहे. घरात कोणी तिला विचारले नव्हते. काल दादांच्या हातून तिच्याकडे वही दिली. तिने लिहिले की, खुर्चीची भीती वाटत नाही, भीती याची वाटते की डोळे मिटल्यावर मी सासूबाईंबद्दल काहीतरी बोलून जाईन आणि ते घरात पसरेल. माझी आई सोबत बसणार असेल तर जाईन, घरातील पुरुष मंडळी नकोत, असेही तिने लिहिले आहे. बाबांनी ते वाचले. संमती दिली नाही, पण भगताचा कागद चुलीत टाकला. कीर्तनकार महाराजांचा भुलीचा प्रश्न मी त्यांना विचारला, त्यावर ‘भूल देणारा काही बोलत नाही, हा बोलतो’ असे उत्तर मिळाले. त्याचे काय करावे ते मला सुचलेले नाही.

डॉक्टरताई, तिला वाटते तसे नको ते बोलून जाणे शक्य आहे का?

मानसरोग विभाग, निवासी डॉक्टर

मनात दडवून ठेवायचे ते रुग्ण संमोहनातही दडवू शकतो, आणि मध्येच डोळे उघडून थांबूही शकतो. तरीही अशा वेळी भावना दाटून येतात आणि एखादी गोष्ट बोलली जाऊ शकते, म्हणून ‘अशक्य’ असे मी लिहिणार नाही. त्यासाठीच गोपनीयता असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार ती रुग्णाचा हक्क आहे. खोलीत काय बोलले गेले, हे घरच्यांना सांगण्यास डॉक्टर बांधील नाहीत, उलट न सांगण्यास बांधील आहेत. आईंना सोबत बसवण्याबद्दल पहिल्याच भेटीत लिहून विचारावे, बहुतेक ठिकाणी अशी सोय करतात. मात्र आईसमोरही बोलता येणार नाही असे काही असेल, तर आईंना दाराबाहेर बसवून परिचारिकेला आत ठेवता येते. हे वहिनींनी ठरवावे.

वडिलांच्या उत्तराबद्दल. ते बरोबर बोलले आहेत, आम्ही बोलतो. म्हणून काय बोलणार आहोत, ती वाक्ये आधी कागदावर मागून घ्यावीत. वहिनींनी ती वाचावीत, नको असतील ती खोडावीत, आणि त्यांची इच्छा असेल तर वडिलांनाही दाखवावीत. चांगला डॉक्टर याला हरकत घेत नाही. जाताना घशाच्या तपासणीचे कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवावी. पूर्वी कधी फिट्स आल्या असतील किंवा भास झाले असतील, तर तेही त्याच वहीत लिहून न्यावे.